थीटाबाई आणि मधली ओळ

आमच्या क्लासमध्ये दोन प्रकारचे शिक्षक होते. ज्यांना पालक ओळखायचे ते, आणि इतिहास-नागरिकशास्त्राचा मी. पालक जिन्यात भेटले की मला विचारायचे, "मॅथ्सच्या मॅडम आल्यात का हो?" मी आल्यात किंवा नाही आल्यात एवढं सांगायचो आणि ते खूश होऊन वर जायचे. त्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम बहुतेक तेच.

त्या मॅथ्सच्या मॅडम म्हणजे थीटाबाई. हे नाव मुलांनी ठेवलेलं. त्रिकोणमितीत कोनाला थीटा म्हणतात आणि तो लिहिताना एक उभट गोल काढून त्याच्या पोटावर आडवी रेघ मारतात. बाईंचा बांधा गोल होता, आणि पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी दिलेला रुंद काळा पट्टा त्या साडीवरून बांधायच्या. म्हणजे आडवी रेघसुद्धा होती. पट्टा साडीच्या आतून बांधतात, असं मी एकदा धीर करून सुचवलं. "मग डस्टर कुठं खोचू?" त्यांनी विचारलं. 

क्लास उलव्यात, पहिल्या मजल्यावर. खाली चिकनचं दुकान, शेजारी औषधांचं, आणि उरलेल्या सगळ्या गाळ्यांत इस्टेट एजंट. बाई तिथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या आगरी. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या काकांचं भाताचं शेत होतं. भाऊ बिल्डर झाले, भाचे एजंट झाले आणि बाई गणित घेऊन बीएस्सी झाल्या, याचं घरात सगळ्यांना अजून वाईट वाटायचं. पगारासाठी त्यांना नोकरी करायची गरज नव्हती. त्यांना फक्त दहावीचा वर्ग हवा होता. नववीपर्यंतच्या गणिताला त्या 'हिशेब' म्हणायच्या आणि अकरावीच्या पुढच्याला 'थेरं'. खरं गणित दहावीत, आणि दहावीतही भूमितीच्या पेपरात त्रिकोणमितीची नित्य समानता सिद्ध करा म्हणून जो प्रश्न येतो, त्यात.

मला गणिताचं वावडं आहे, तरी भिंत पातळ असल्यामुळे हा प्रकार काय असतो हे मला कळलं. डावीकडे एक पदावली असते, उजवीकडे दुसरी, मध्ये बरोबरचं चिन्ह. दोघी दिसायला अगदी वेगळ्या. साइन, कॉस, सेक, कोसेक अशी सोंगं घेतलेल्या. मुलाने डाव्या बाजूपासून निघायचं, एकेक ओळ कारणासकट लिहीत जायचं आणि शेवटी उजव्या बाजूला पोचायचं. पोचला की 'म्हणून डावी बाजू बरोबर उजवी बाजू' असं लिहून खाली दोन रेघा मारायच्या.

आता यात गोची अशी, की कुठे पोचायचंय ते आधीच छापलेलं असतं. त्यामुळे पोरं काय करतात, वरून तीन ओळी उतरतात, खालून उलट्या दोन ओळी चढतात, आणि मध्ये जिथे गाठ पडत नाही तिथे डोळे मिटून उडी मारतात. पेपर तपासणारा घाईत असतो. त्याला वरचं टोक दिसतं, खालचं टोक दिसतं, आणि मधली ओळ त्याच्या डोळ्यांखालून निसटते. महाराष्ट्रातली कितीतरी पोरं या एका उडीवर दहावी तरून गेली असतील, मीही त्यातलाच.

बाईंच्या हातून मात्र ती निसटत नसे. उडी सापडली की त्या समासात लाल पेनाने बेडूक काढायच्या. साधासुधा नव्हे, डोळे वटारलेला, मागचे पाय ताणलेला. क्लासमध्ये मार्कांपेक्षा बेडकांची चर्चा जास्त व्हायची. आमचे संचालकसुद्धा एके काळी बाईंचेच विद्यार्थी. त्यांच्या जुन्या वहीत बेडकांचं अख्खं तळं होतं, असं बाई भर स्टाफरूममध्ये सांगायच्या. संचालक भर मे महिन्यात ब्लेझर घालायचे, पण हा विषय निघाला की ब्लेझर काढून घाम पुसायचे.

"उजवी बाजू झाका," हा बाईंचा पहिला हुकूम. वर्गातल्या सगळ्यांनी डाव्या हाताचा पंजा उजव्या बाजूवर ठेवायचा आणि मगच लिहायला घ्यायचं. "लग्नाआधी नवरा बघितलास की संपलं. मग पत्रिका जुळवूनच घेतेस." हे त्या मुलींना सांगायच्या आणि मुलांनाही हेच सांगायच्या. पंजा सरकवून कोणी चोरून बघितलं, की डस्टर पट्ट्यातून निघून टेबलावर आपटायचं आणि पहिला बाक पांढरा व्हायचा.

हा नियम त्यांनी गणितापुरता ठेवला असता तर त्यांचं आयुष्य बरंच सोपं झालं असतं. पण त्या राहायच्या त्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही उजवी बाजू झाकायला जायच्या. सेक्रेटरीने एकदा 'सर्वानुमते ठराव मंजूर' असं आधीच टाइप करून आणलं होतं आणि चर्चा मागाहून सुरू केली. बाई उभ्या राहिल्या. "मंजूर ही उजवी बाजू झाली. डावी कुठाय? काय म्हणून मंजूर, ते मधल्या ओळी लिहून दाखवा." सेक्रेटरीला वाटलं बाई पार्किंगच्या डाव्या बाजूबद्दल बोलतायत. त्याने दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे मारून द्यायचं कबूल केलं. बाईंनी ते मान्य केलं, कारण पार्किंगचीही अडचण होतीच.

भाच्याला मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीचे काका म्हणाले, "मुलगी अतिशय सालस आहे." बाईंनी हातातला पोह्यांचा चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "कशावरून?" मुलगी आतून म्हणाली, "अजून काही सिद्ध झालेलं नाही, आत्या." ते लग्न जमलं. बाई म्हणायच्या, मुलीने खोटी पायरी लिहिली नाही म्हणून जमलं. भाचा म्हणायचा, आत्याला पुढे काही बोलता आलं नाही म्हणून जमलं.

एका रविवारी त्या मला स्कूटरवर मागे बसवून नेरूळला मासळी घ्यायला घेऊन गेल्या. सारसोळ्याची एक कोळीण त्यांच्या ओळखीची होती. तिने पापलेट पुढे केलं. "ताजा हाय, बाय."

"सिद्ध कर," बाई म्हणाल्या.

कोळणीने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुला मासली घ्याची हाय की मासलीची परीक्षा घ्याची हाय?" मग ती मला म्हणाली, "हिचा असाच हाय, भाऊ. लानपनापासून. तुमी सांभालून ऱ्हा." बाईंनी गुपचूप पापलेट घेतलं. परत येताना पामबीच रोडवर वाऱ्यात ओरडून मला म्हणाल्या, "कल्ले लाल होते. मी बघितले होते आधीच." म्हणजे इतरांना उजवी बाजू झाकायला लावणाऱ्या बाईही चोरून बघायच्या, हे मला तेव्हा कळलं. मी ते मनात ठेवलं.

वर्गात बाईंची भाषा अगदी पुस्तकातली. राग आला किंवा पोटातलं काही बोलायचं असलं की मात्र ण चा न व्हायचा आणि खाडी भरून यायची. मुलांना ते पक्कं ठाऊक होतं. 'म्हणून' ऐकू आलं तर चूक छोटी, 'म्हनून' ऐकू आलं तर बाकाखाली शिरा.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग संचालकांनी पॅनल आणलं. पॅनल म्हणजे भिंतीएवढा टीव्ही. त्यातून कुठल्यातरी मोठ्या शहरातले एक गोरे, हसरे सर रंगीत रेघांनी त्रिकोणमिती शिकवायचे, आणि समानता सिद्ध झाली की पडद्यावर टाळ्या वाजायच्या. पालकांना ते फार आवडलं. संचालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं, पुढच्या वर्षी दहावी पॅनलकडे द्यायचा विचार आहे. तुम्ही पाचवी-सहावी घ्या. तुमचा त्रास कमी होईल. अगदीच तुमची इच्छा असेल, तर या प्रिलिमला भूमितीचा निकाल असा दाखवा की पालकांनीच तुम्हाला सोडू नये.

बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि पट्टा सैल करून बसल्या. "माझा त्रास कमी करनार म्हने," त्या म्हणाल्या. ण चा न झालेला मी ऐकला आणि चहा मागवला.

प्रिलिमचा भूमितीचा पेपर बाईंनीच काढला. त्यात तीन मार्कांना एक समानता होती. सेक वर्ग थीटा अधिक कोसेक वर्ग थीटा बरोबर सेक वर्ग गुणिले कोसेक वर्ग. बाई म्हणायच्या, फार गोड उदाहरण आहे. ज्यांची बेरीज तोच गुणाकार, असं जोडपं रोज भेटत नाही. पेपर टायपिंगला गेला. टायपिंगवाल्याने अधिकच्या जागी वजा टाकलं. प्रूफ बाईंकडे आलं तेव्हा त्या डबा खात होत्या. त्यांनी एका हाताने सही केली.

निकाल दणदणीत लागला. त्या समानतेला तर एक मुलगी सोडली तर सगळ्यांना पैकीच्या पैकी. संचालकांनी ग्रुपवर टाकलं, बॅनरची ऑर्डर दिली, आणि स्वतः जिना उतरून बाईंसाठी थंड उसाचा रस आणला. "मॅडम, दहावी तुमचीच," ते म्हणाले. बाईंनी तो ग्लास एका दमात संपवला. इतक्या हलक्या झालेल्या मी त्यांना त्या महिन्यात पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. नाव प्रतीक्षा. घरचे मूळचे परभणीकडचे, वडील न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर यार्डात सुपरवायझर. वर्गात ती असते की नाही हे हजेरी घेतानाच कळायचं, इतकी गप्प.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचार."

"माझं ह्यात कुठं चुकलं, ते सांगता का? मला शून्य आलंय."

बाईंनी चष्मा लावला. पेपरात डावी बाजू लिहून पुढे दोन ओळी होत्या आणि मग ती थांबली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथून पुढे उडी मारल्याशिवाय जाता येत नाही. थीटाच्या जागी ४५ अंश घालून बघितले. डावी बाजू शून्य येते, उजवी चार. माझे काहीतरी चुकले आहे.'

बाईंनी ते एकदा वाचलं, परत वाचलं, मग छापलेला प्रश्न बघितला. मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्हाला पंचेचाळीसचा सेक येतो?"

"मला पानिपत येतं," मी म्हणालो.

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी कपाटातून पेपरांचा गठ्ठा काढला आणि एकेक उघडायला लागल्या. सगळ्यांवर लाल बरोबरची खूण. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाने तिसऱ्या ओळीत वजाला हळूच एक उभी रेघ देऊन त्याचं अधिक केलं होतं. दुसऱ्याने साइन वर्ग वजा कॉस वर्ग बरोबर एक असं ठोकून दिलं होतं आणि पुढे कारण लिहिलं होतं, 'सूत्रानुसार'. ते सूत्र बेरजेचं आहे, वजाबाकीचं नाही, हे बाईंनी मला तेव्हा समजावलं. एकीने मधल्या ओळीत काहीच न लिहिता नुसतं 'म्हणून' लिहिलं होतं, तीनदा. अख्ख्या वर्गाने एक धडधडीत खोटी गोष्ट सुवाच्य अक्षरात सिद्ध केली होती. आणि समासात एकही बेडूक नव्हता.

"शेवटची ओळ बघून टिका मारीत गेले मी," बाई म्हणाल्या. "दहावी पायजे होती ना. मार्क बघायचे होते, म्हनून बघितले."

प्रतीक्षा घाबरून उभी होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं. "तुझा नाय चुकला, बाय. माझा चुकला."

एवढं सगळं आमच्या तिघांतच होतं. संचालकांना बाईंनी स्वतःहून जाऊन सांगितलं नसतं तर त्रिभुवनात कोणाला कळलं नसतं, कारण तक्रार करायला कोणी उरलंच नव्हतं. ज्याने त्याने सिद्ध केलं होतं आणि ज्याला त्याला मार्क मिळाले होते. संचालकांनी ते ऐकून घेतलं आणि फार समंजस तोडगा काढला.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. सगळ्यांना तीन आहेत ते राहू देत. हिलापण तीन देऊन टाका. मिटला विषय."

"हिला तीन दे. पण यांना तीन देऊन हिला तीन देऊ नको."

"त्यात काय फरक आहे?"

"तोच तर मी तुला शिकवला होता," बाई म्हणाल्या.

"मॅडम, रिझल्ट ग्रुपवर गेलाय. बॅनर छापून आलाय. तुम्ही हे काढलंत, तर दहावी मी तुम्हाला देऊ शकत नाही. मी पालकांना काय सांगू, की ज्यांनी पेपर चुकीचा काढला आणि चुकीचा तपासला, त्याच पुढच्या वर्षी शिकवणार?" आणि खरं सांगायचं तर यात त्यांची एकही पायरी चुकलेली नव्हती.

त्या संध्याकाळी बाई मला खाडीच्या बाजूला भजी खायला घेऊन गेल्या. मी म्हटलं, "घ्या ना मॅडम, काय बिघडतंय. तीन मार्कांचा तर प्रश्न."

"इतिहासवाल्याने तह सुचवावा, यात काय नवल नाय."

मग त्यांनी भज्यांबरोबरची मिरची संपवली. "मना दहावी पायजे, सर," त्या म्हणाल्या. "घरी चार खोल्या भरून मानसं हायेत. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं विचारतात. पन मी दिवसभर काय करते ते कोनाला म्हायती नाय. ते फक्त त्या वर्गात म्हायती असतं." मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्या उद्या काय करणार हे मला ठाऊक असल्यामुळे जास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर ती वजावाली समानता लिहिली आणि विचारलं, कोण सिद्ध करणार? अर्धा वर्ग हात वर करून उठला. पहिल्या नंबरच्या मुलाने फळ्यावर येऊन, वजाला तीच मायेची उभी रेघ देऊन, दोन मिनिटांत सिद्ध केलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाई म्हणाल्या, छान, आता पंचेचाळीस घाल. त्याने घातले. डावीकडे शून्य आलं, उजवीकडे चार आले. तो पुसून परत घालायला लागला. भिंतीपलीकडे मी नागरिकशास्त्र शिकवत होतो, मीही थांबलो.

मग त्यांनी पेपर परत वाटले. प्रत्येकाच्या समासात बेडूक होता आणि बरोबरच्या प्रत्येक लाल खुणेवर दुसरा बेडूक. "पहिला तुमचा," बाई म्हणाल्या. "दुसरा माझा. मी तुमच्यापेक्षा मोठी उडी मारली. सगळ्यांना शून्य. प्रतीक्षाला तीन."

शनिवारी पालकसभा भरली. एवढी गर्दी प्रवेशाच्या वेळीही झाली नव्हती. संचालकांनी जाताजाता बाईंना पढवलं होतं, फक्त छपाईची चूक म्हणा. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वजाचं चिन्ह ही छपाईची चूक. त्यावर सही माझी आणि टिका माझ्या." संचालकांनी ब्लेझर काढला.

पहिल्या नंबरच्या मुलाचे वडील कस्टमचे एजंट होते. ते तावातावाने उठले. "मॅडम, प्रश्न सिद्ध करा असा होता. आमच्या मुलाने सिद्ध केलंय. मग मार्क का कापता?"

"जे खरंच नाही ते सिद्ध कसं होईल?"

"त्याने करून दाखवलंय ना. आमच्या लाइनमध्ये माल पोचला की काम झालं. मध्ये काय झालं ते कोण बघत बसतो?"

"कस्टमवाले पण हेच म्हणतात का?" बाईंनी विचारलं. मागच्या रांगेत हसू पिकलं आणि एजंटसाहेब खाली बसले.

पण हसण्याने सभा जिंकता येत नाही. एक आई म्हणाल्या, आमची मुलगी दोन दिवस जेवली नाही. दुसरे म्हणाले, मग चुकीचा प्रश्न काढल्याबद्दल सगळ्यांना ग्रेस द्या, बोर्ड देतं तसं. मग कोणीतरी म्हणालं, हात वर करून ठरवा. या प्रिलिमपुरतं उदाहरण बरोबर धरायचं का? हात वर झाले. अख्खी खोली हातांनी भरली. मी वर्षानुवर्षं मुलांना बहुमताचं महत्त्व शिकवलं होतं, पण शून्य बरोबर चार हे बहुमताने मंजूर होताना त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

"झालं मंजूर?" बाई म्हणाल्या. "बरं. मग आता जाताना खाली चिकनवाल्याकडे जा. चार किलो घ्या आणि शून्य किलोचे पैसे द्या. सांगा, मीटिंगमध्ये पास झालंय."

त्यांनी पट्टा घट्ट केला आणि जिना उतरून गेल्या. मार्क संचालकांनी सगळ्यांना परत दिले. बॅनर लागला. पुढचं वर्ष सुरू होण्याआधीच वेळापत्रक भिंतीवर चिकटलं. दहावी, भूमिती, मोठी खोली, पॅनल. सहावी, गणित, जिन्याजवळची छोटी खोली, मॅडम.

मला वाटलं होतं, बाई सोडतील. त्या आल्या. पहिल्याच दिवशी त्या छोट्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, कोनमापक कसा धरायचा ते सांगत होत्या. पलीकडून पॅनलच्या टाळ्या ऐकू आल्या की त्या बोलायच्या थांबायच्या, टाळ्या संपू द्यायच्या आणि पुढे सांगायच्या. मधल्या सुट्टीत चहा पिताना त्या माझ्याशी पावसाबद्दल, भाच्याच्या बाळाबद्दल बोलायच्या. दहावीचं नाव काढत नसत. बाईंची जीभ अशी आवरलेली बघणं मला सहन होत नव्हतं.

बोर्डाचा निकाल लागला त्या आठवड्यात प्रतीक्षा पेढे घेऊन आली. मोठ्या खोलीत पॅनल चालू होतं. ती दारातून आत डोकावली, बाहेर पॅसेजमध्ये मला बघून हसली आणि विचारलं, मॅडम कुठं बसतात आता? मी तिला जिन्याजवळच्या खोलीपर्यंत घेऊन गेलो आणि, खोटं कशाला बोलू, दारातच उभा राहिलो.

सहावीची पोरं कोन मोजत होती. बाईंनी तिला बघितलं आणि मार्कही विचारले नाहीत.

"समानता आली होती पेपरात?"

"आली होती, मॅडम. सोडवली."

"उजवी बाजू झाकली होतीस?"

"झाकली नाही," प्रतीक्षा म्हणाली. "आधी दोन्हीकडं पंचेचाळीस घालून बघितलं, खरं आहे का ते. मग साठपण घातले. मग सोडवायला घेतली."

"बोर्डाच्या पेपरावर पन विश्वास नाय तुझा?"

त्या पोरीने पेढ्यांचा पुडा पुढे केला. मग म्हणाली, "तुमच्यावर ठेवला होता ना, मॅडम."

मला वाटलं, बाईंना हे लागेल. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, डस्टरच्या हाताने डोळे पुसले आणि तोंड खडूने पांढरं करून घेतलं. सहावीची पोरं कोनमापक हातात धरून बघत राहिली. इतक्या खूश बाई मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या, उसाच्या रसाच्या दिवशीसुद्धा नाही.

त्यांनी पेढा उचलला, अर्धा मोडून मला दिला. भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या.

"घेऊ दे आता त्या टाळ्यावाल्याला दहावी," बाई म्हणाल्या, आणि पोरांकडे वळून पुढचा कोन मोजायला सांगितला.